झटका न देता

या, असे पुढे सरका. आणि तो मोबाइल पालथा ठेव रे, तोंडावर उजेड मारू नकोस. हे पुस्तकातलं नाही, आमच्या दोस्ताच्या, त्या पंखेदुरुस्तीवाल्याच्या बाबतीत घडलेलं आहे. मध्ये बोललात तर सरळ उठून झोपायला जाईन, आधीच सांगतो.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. रात्रीचे साडेनऊ. हा दुकानाचं शटर ओढतोय, तेवढ्यात मागच्या गल्लीतली ताई धापा टाकत आली. "दादा, बाबांची गाडी बंद पडलीय. आत्ताच्या आत्ता चला."

गाडी म्हणजे खेळण्यातली. ताईचे बाबा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी बाहेरच्या खोलीत मोठ्या फळीवर गोल रूळ मांडले, एक स्टेशन बांधलं, आणि रोज गाडी चालवत बसायचे. आता त्याच खोलीत अंथरुणाला खिळले होते. वाचाही गेली होती. पण डोळे सारखे त्या गाडीवर, म्हणून ताईच ती चालवून दाखवायची.

"डॉक्टर म्हणाले, आजची रात्र निघणं कठीण आहे," ताई वाटेत म्हणाली. "भाऊ निघालाय. बाबांशी भांडून गेला तो आज पहिल्यांदा घरी येतोय. पहाटे पोचेल. तोवर बाबांनी..."

दोस्ताने खोलीत जाऊन कंट्रोलर उघडला. कंट्रोलर म्हणजे साधी डबी हो, वर एक गोल बटण, कडेला बारीक खाचा असलेलं. बटण फिरवाल तसा रुळांत करंट जातो आणि गाडी पळते. आत एक तार सुटली होती. त्याने सोल्डरचा डाग देऊन ती जोडली आणि बटण भसकन पुढे केलं. इंजिन उडी मारून सुटलं, डबे मागून धडाधड आपटले. "झाली चालू!" म्हणत त्याने, पंखा बंद करावा तसं, बटण खटकन शून्यावर आणलं. हाताची सवयच ती. गाडी जागच्या जागी थांबली.

आणि बाबांचा श्वासही थांबला.

छाती वर आली होती, ती तशीच राहिली.

"बाबा! अहो बाबा!" ताई ओरडली. दोस्त दचकून वळला, हातासरशी बटण जरासं फिरलं. इंजिन हललं. छाती खाली आली.

भास असेल म्हणून त्याने बटण किंचित वाढवलं. बाबा भराभर श्वास घ्यायला लागले. कमी केलं, तसा श्वासही मंदावला. डिसेंबरची थंडी, आणि हा घामाने निथळतोय.

"ताई, बाबा कशी चालवायचे?"

"हळू. आधी इतकंच फिरवायचे, की इंजिनाला नुसती जाग यावी. मग डबे जोडणारे आकडे एकेक करून ताणले गेले, की थोडं पुढे. थांबवताना स्टेशनच्या कितीतरी आधीपासून वेग उतरवत आणायचे. आत माणसं झोपलेली असतात म्हणायचे. त्यांना कळताही कामा नये."

मग काय, बसला तो. मूठ बटणावर, नजर छातीवर. वेग चढवायचा नाही, गाडी थांबवायची तर नाहीच. लघवीलासुद्धा उठला नाही बिचारा. हसताय काय? तुम्ही असतात तर चड्डीत झाली असती.

साडेतीनला लाइट गेली.

अख्ख्या गल्लीत काळोख. संपलं सगळं, असं वाटून त्याने बटण सोडलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

खट-खट... खट-खट...

काय म्हणालास? लाइट नसताना कशी? अरे तेच सांगतोय ना, गाढवा!

ताईने टॉर्च लावला. गाडी चालली होती. डब्यांना धक्का नाही, वळणावर डोलणं नाही. आणि बटण...

बटण आपोआप फिरत होतं. केसभर पुढे... केसभर मागे...

दोस्त भिंतीला टेकला.

खट-खट...

दार वाजलं. भाऊ आत आला, बॅग तिथेच टाकून पलंगाशी बसला. "बाबा... आलो मी. चुकलो."

बाबांनी मान वळवली. त्याच्याकडे पाहिलं. पोटभर पाहिलं.

मग बटण उतरायला लागलं. स्टेशन अजून लांब होतं.

हळू...

आणखी हळू...

फलाटाला लागली गाडी. थांबली कधी, तिघांपैकी एकालाही कळलं नाही. श्वास कधी थांबला, तेही नाही.

सकाळी अंग पुसताना ताईने बाबांची उजवी मूठ सोडवली. आजारपणात तो हात कधी हललासुद्धा नव्हता. तळव्यावर बारीक खाचा उमटल्या होत्या, ओळीने, खोल... बटणाच्या कडेला असतात तशा.

दोस्ताने रात्रभर बटण धरलेला आपला तळवा शेजारी नेला.

तशाच होत्या.