जरा सपाट करतो

"तुमचा रंधा बिस्किटांना चालेल का हो?"

सुताराने मान वर केली. दारात शेजारच्या गाळ्यातली बेकरीवाली उभी होती. नाकाच्या शेंड्याला मैदा, हातात बिस्किटांचा ट्रे आणि चेहऱ्यावर असा वैताग, की त्याला हसूच आलं.

"हसताय काय? बघा, एकेकाला कशी टेंगळं आलीत! वर आयसिंग घातलं की खड्ड्यात साचतं. नाव लिहायला जावं, तर अक्षरं डुगडुगतात."

गल्ली त्याला 'गुण्या' म्हणायची. काटकोन तपासायच्या त्याच्या हत्याराचंच नाव ते. केसभर तिरपं त्याला खपत नसे. दुसऱ्याच दिवशी त्याने तिला सारख्या जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या नेऊन दिल्या.

"दोन बाजूंना या ठेवा, मध्ये पीठ. लाटणं पट्ट्यांवरून फिरवा. सगळीकडे सारखं लाटलं जाईल."

"आणि भट्टीत फुगली तर?"

त्यासाठी त्याने एक गुळगुळीत फळी तासली. ट्रे बाहेर आला रे आला, की ती गरम बिस्किटांवर अलगद दाबायची. हे काम करायला तो रोज चार वाजता स्वतःच हजर होऊ लागला. उरलासुरला उंचवटा तो बारीक किसणीने घासायचा. मग ती त्यावर आयसिंग पसरायची, टाचणीने बुडबुडे फोडायची... आणि त्या ट्रेवर दोघांची डोकी इतकी जवळ यायची, की तो श्वास घ्यायचा विसरे.

"एवढं घासता, पण आयसिंगखाली दिसणार कुणाला?"

"तुम्हाला... माहीत असतं ना."

एवढंच तो बोलला. कान मात्र लालबुंद झाले. बोलायचं खरं वाक्य वेगळं होतं. ते तो रोज मनात जुळवी आणि रोज त्यात काहीतरी खटके.

एका दुपारी तिने भट्टी लवकर बंद केली.

"आत्याच्या ओळखीतल्या एकाने मला मागणी घातलीय. परगावी मोठी बेकरी आहे त्याची. आज उत्तर द्यायचंय."

"...माणूस चांगला आहे?"

"चांगलाच आहे. तेच तर अवघड आहे."

तिने एक कोरं बिस्कीट त्याच्यापुढे सरकवलं. आयसिंगची पिशवी त्याच्या हातात दिली. तिची बोटं क्षणभर तिथेच राहिली.

"रोज मीच लिहिते. आज तुम्ही लिहा. तुम्हाला जे वाटतं ते."

त्याने बिस्किटावरून अंगठा फिरवला. मधोमध एक बारीकसा फुगवटा लागला.

"थांबा हं," तो पुटपुटला, "जरा सपाट करतो."

पिशवी खाली ठेवून त्याने किसणी घेतली. तो घासत राहिला. ती पाहत राहिली. अजून थोडं... कडेला अजून थोडं... आणि बिस्किटाचे दोन तुकडे झाले.

"दुसरं द्या. लगेच करतो."

ती हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

"मला खडबडीतही चाललं असतं हो," ती म्हणाली आणि तिने फोन उचलला. "आत्या? त्यांना हो म्हणून सांग."

गाळा रिकामा करताना तिने त्याच्या पट्ट्या परत आणून दिल्या, स्वच्छ धुऊन पुसून. ती गेल्यावर त्याने सवयीने त्या एकमेकींना लावून पाहिल्या.

केसभरही फरक नव्हता.