हातानं फिरवलेली रोपं

मेकॅनिकची आणि माझी ओळख मनगटापासून झाली. तो प्रयोगशाळेत आला, पिशवी खाली ठेवली आणि सरळ माझ्या यंत्राच्या बटणाकडे हात नेला. मी धावत जाऊन त्याचं मनगट धरलं.

“बंद नाही करायचं.”

“मग काय चालत्या यंत्रात हात घालू, मॅडम?”

त्याचं रास्त होतं, पण माझंही होतं. यंत्राच्या ड्रममध्ये मोहरीची सोळा रोपं नऊ दिवस गोल फिरत होती, मिनिटाला एक फेरा. फिरत राहिली की जमीन कुठल्या बाजूला ओढतेय हे त्यांना कळत नाही, अंतराळात असल्यासारखी वाढतात. दहा मिनिटं जरी थांबली तरी मुळं वळणार आणि माझी सगळी मेहनत पाण्यात. मोटर मात्र केव्हाही मान टाकेल अशी कण्हत होती.

शेवटी त्यानंच तोड काढली. तो मोटर बदलेल, तोवर मी घड्याळ बघत ड्रम हातानं फिरवायचा. तासाभराचं काम, म्हणाला.

तीन तास लागले. खांदा नुसता भरून आला. मधेच त्यानं विचारलं, अंतराळात रोपं उभी तरी कशी राहतात? मी म्हटलं, उजेडाकडे बघून.

“सोपं आहे की मग...” तो माझ्याकडे बघत म्हणाला, आणि माझा फेरा चुकला.

चार दिवसांनी ड्रम उघडला. पाच रोपं वाकडी — मी तिथंच बसून रडले. आमच्या विभागप्रमुख बाईंना कारण लिहून द्यायचं होतं, प्रयोग पुढे चालणार की नाही ते त्यावर ठरणार होतं. ‘माझा हात चुकला’ असं लिहीत होते, तेवढ्यात तो मोटर तपासायला आला. रोपं बघून त्याचा चेहराच उतरला.

“तुमचा नाही, माझा दोष आहे. नवी मोटर तासाभरातच बसवून झाली होती. पुढचे दोन तास मी... नुसते स्क्रू पुसत होतो.”

“का?”

“तुम्ही बोलत होतात. उठवेना. इतका वेळ हातानं फिरवल्यानं रोपं बिघडतील, हे डोक्यातच आलं नाही.”

अक्कल गहाण ठेवली होती का, इथपासून मी त्याला सुनावलं. त्यानं खाली मान घालून सगळं ऐकलं आणि तडक बाईंच्या खोलीत गेला. काही न लपवता सांगितलं त्यानं. दाराबाहेर उभी राहून मी त्याचा शब्द न् शब्द ऐकत होते.

“तुम्हाला नव्यानं रोपं लावायला महिना मिळाला,” बाहेर येऊन तो म्हणाला. “मला मात्र इथं पुन्हा पाय ठेवायला बाईंनी बंदी केलीय.”

पिशवी उचलून तो निघाला. राग अजून गेला नव्हता माझा, पण हा माणूस जायला नको होता... अजिबात नको होता.

“बाईंची सत्ता फाटकाच्या आतच चालते,” मी म्हटलं. “मी सहाला सुटते. बाहेर थांबाल?”