राखण-भार

दत्ताजीराव मुरगुड्यांनी डिझेल जनित्राचं माहितीपत्रक मिटलं आणि टेबलावर सरकवून दिलं.

"हे नको, अरू. हलतं, बोंबलतं, धूर सोडतं. तुझी आई झोपणार तिथून चार फुटांवर मी धूर सोडणारं यंत्र बसवणार नाही."

अरुंधती गेला महिनाभर आबांच्या तोंडून हेच वाक्य ऐकायची वाट बघत होती. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या शेडमध्ये आबांचं नवं कोरं चलघर उभं होतं. बावीस फुटांच्या गाडीत पलंग, शेगडी, न्हाणी, सगळं होतं. २०५१ सालच्या उन्हाळ्यात अशा गाडीला स्वतःची वीज नसली तर ती दुपारी भट्टीच व्हायची. सौरपट्टे चढवून पाहिले, पण छतावर मावतील तेवढ्यांत पंखे आणि दिवेच भागत होते. वातानुकूलनाला तीन किलोवॅट लागत, आणि सुरू होताना त्याची झेप त्याच्या दीडपट.

वातानुकूलन ही इथे चैन नव्हती. आईचं हृदय पंचवीस टक्केच काम करत होतं. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली होती, पण ऊन तेवढं सक्त वर्ज्य सांगितलं होतं. वीज मंडळातल्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत आबांनी तिला नरसोबाच्या वाडीपलीकडे कुठे नेलं नव्हतं. कच्छचं पांढरं रण बघायची तिची इच्छा तेवढीच जुनी होती.

"मग माझं बसवा," अरुंधती म्हणाली.

तिचं म्हणजे जीवाणू-जनित्र. नऊ वर्षं ती आणि डॉ. तौफिक जमादार याच एका यंत्रावर काम करत होते. आबा टाकीशेजारी स्टूल ओढून बसले. उपकेंद्रात नवं रोहित्र आलं की ते असेच बसत.

"सांग. सोपं करून सांगू नकोस, नीट सांग."

"या टाकीत जीवाणूंची वस्ती आहे. साखर कारखान्यातली मळी ते खातात आणि खाताना इलेक्ट्रॉन या पट्ट्यांवर सोडतात. मागणी आली की जागे होतात, मागणी संपली की झोपतात. झोपेत मळी जवळजवळ लागतच नाही."

"मागणी आली हे त्यांना कळतं कसं?"

"भार पडला की पट्टीवरचा वीजदाब खाली येतो. तो त्यांना जाणवतो."

"आणि झोपूनच राहिले तर?"

"तीन दिवसांत मरायला लागतात. म्हणून रोज दोन तास पूर्ण भार द्यायचा. वातानुकूलन नको असेल त्या दिवशी छतावरची ही तापतार चालू करायची. ती नुसती उष्णता बाहेर फेकते. याला आम्ही राखण-भार म्हणतो."

आबांचा चेहरा खुलला. "आमचा राखीव संच आम्ही दर सोमवारी असाच चालवायचो. काम असो नसो. किती वाजता चालवायचं हे?"

"कधीही चालेल, आबा. रोज झालं म्हणजे झालं."

"कधीही करायचं काम राहून जातं. वेळ लिहून दे."

अरुंधती हसली आणि तिने कागदावर लिहिलं: रोज सकाळी अकरा ते एक. पुढे तोच कागद नीटनेटका वाटला म्हणून तिच्या कंपनीने छापून घेतला आणि विकलेल्या प्रत्येक यंत्राबरोबर दिला.

बसवायला तीन दिवस लागले. मागच्या कप्प्यात रबरी बैठकांवर टाकी, खाली मळीचा हौद, वायू बाहेर जायला वेगळी नळी. तांब्याच्या प्रत्येक जोडावर आबांनी स्वतः पाना फिरवला. शेवटी वातानुकूलन, शेगडी, पाणी तापवायचं यंत्र, सगळं एकदम सुरू केलं. दिवा जरासुद्धा मिणमिणला नाही. आई पायरी चढून आत आली आणि टाकीला कान लावला.

"काहीच ऐकू येत नाही की गं. आहेत ना जिवंत?"

"आहेत, आई."

"मग त्यांना सांग, मला रण बघायचंय म्हणावं."

डिसेंबरच्या मध्यावर ते दोघं निघाले. रोज संध्याकाळी फोन यायचा. आई पाहिलेल्या गोष्टींची यादी सांगायची आणि आबा वीजदाबाचे आकडे. हवा गार होती. वातानुकूलन एकदाही लावावं लागलं नाही. शेगडी आणि गरम पाणी आबा अकरा ते एकच्या राखण-भारातच उरकून घेत; पंखे-दिवे सौरपट्ट्यांवर चालत.

चोवीस फेब्रुवारीला कच्छमध्ये उष्णतेची लाट आली. हवामान खात्याने दोन दिवसांवर सांगितलेली ती त्याच दुपारी येऊन धडकली. सेहेचाळीस अंश. दुपारी तीन-चाळीसला अरुंधतीचा फोन वाजला.

"अरू, इंजिन तापून बंद पडलंय. रणातल्या रस्त्यावर आहोत. आणि तुझं यंत्र उठत नाही."

"उठत नाही म्हणजे?"

"वातानुकूलन पाच सेकंद चालतं आणि वीजदाब कोसळतो. तीनशे वॅट मिळतायत फक्त."

"मळी?"

"हौद भरलेला आहे."

"आज राखण-भार दिला होता?"

"दिला. अकरा ते एक."

"पूर्ण?"

"पूर्ण, अरू. चार हजार नऊशे वॅट. मग आत्ता काय झालं यांना?"

तिने सुचेल ते सगळं सांगितलं. भार कमी करून हळूहळू वाढवा, पट्ट्या तोडून पुन्हा जोडा, मळी कोमट करा. आबांनी एकेक गोष्ट केली आणि प्रत्येक वेळी आकडा वाचून दाखवला. दोनशे नव्वद. तीनशे दहा. मधूनच आईचा आवाज यायचा, मग नुसता श्वास ऐकू यायला लागला. ओला टॉवेल, पंखा, पाणी. आबा ते सगळं करत होते. मदतीची गाडी साडेसहाला पोचली. आई पाच वाजून काही मिनिटांनी गेली होती.

आईचं दिवसकार्य होण्याआधीच, तिसऱ्या दिवशी, अरुंधतीने स्वयंपाकघरात आबांना गाठलं.

"खरं सांगा. किती दिवस चुकवलेत?"

आबांनी आतून डायरी आणली. एकाहत्तर दिवस, एकाहत्तर नोंदी, वेळ आणि वीजदाब. तिने पानं चाळली.

"एका बैठकीत लिहिल्यासारखं दिसतंय सगळं."

 डायरी तिच्या हातातून घेऊन आबा खोलीत गेले. त्यानंतर सहा आठवडे बापलेकीत बोलणं नव्हतं.

या सहा आठवड्यांत गाडी भुजहून कोल्हापूरला आली आणि टाकी प्रयोगशाळेत. अरुंधतीने दुपारी अडीचला भार लावला, चारला लावला, सहाला लावला. तीनशे वॅटच्या वर काटा गेला नाही. वस्ती उपासमारीने मेलेली होती, असं तिने धरलं; म्हणजे आबांनी आळस केला होता. तिला दुःख झालंच, पण त्याखाली थोडं समाधानही वाटलं: यंत्र चुकलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी जमादारांनी तिला हाक मारली. "मॅडम, जरा इकडे या. बोलू नका, नुसतं बघा."

टाकीला भार जोडलेला नव्हता, नुसता मापक होता. अकराला पाच कमी असताना नळीतून बुडबुडे यायला लागले. अकरा वाजता टाकी उकळल्यासारखी फसफसत होती. जमादारांनी तापतार जोडली. काटा चार हजार नऊशेवर जाऊन थांबला.

"कोणी जागं केलं यांना?"

"कोणीच नाही. काल पण असंच झालं, परवा पण. आपणहून उठून खातात, म्हणूनच भाराविना इतके दिवस जगले. एक वाजला की परत निजतात. मग डोक्यावर नगारा वाजवा, उठायचे नाहीत."

अरुंधती खुर्चीत बसली. जमादार हलक्या आवाजात बोलत राहिले. "यांची एक पिढी चाळीस मिनिटांची. जागेपणीच्या दोन तासांत रोज तीन, म्हणजे दहा आठवड्यांत दोनशेच्या वर पिढ्या झाल्या. आपण समजत होतो, ते मागणी ऐकून उठतात. पण मागणी रोज ठरलेल्या मिनिटाला येत असेल, तर जो जीवाणू पाच मिनिटं आधी उठून बसेल तो आधी खाणार. मागणी ऐकून उठणाऱ्याला उरलंसुरलं मिळणार. ऐकणारे कमी होत गेले आणि घड्याळवाले वाढत गेले. आता या टाकीत ऐकणारं जवळजवळ कोणी उरलेलं नाही."

"आणि वेळ मागेपुढे झाली असती तर?"

"आठवड्यातून दोनदा जरी चुकली असती तरी ऐकणारे टिकले असते. आपण इथे चाचण्या मनाला येईल तेव्हा घेतल्या, म्हणून आपल्याला कधी दिसलं नाही." जमादार थांबले. "आबासाहेबांनी एक दिवससुद्धा चुकवला नव्हता, मॅडम."

अशी त्रेसष्ट चलघरं रस्त्यावर होती. कंपनीचे संचालक म्हणाले, पत्रकाचा मजकूर पुढच्या छपाईत बदलू. अरुंधतीने ते ऐकून घेतलं आणि त्याच दुपारी त्रेसष्ट जणांना स्वतः एकेक करून फोन केले. शेवटचा फोन झाल्यावर ती आबांकडे गेली.

ते गॅलरीत आईच्या तुळशीतलं तण काढत होते. त्यांनी हात धुतले, तिला बसायला सांगितलं. तिने सगळं सांगितलं. मधे रडली नाही, माफीही मागितली नाही; मागायला तोंडच नव्हतं. आबांनी अभियंत्यासारखं ऐकलं. पिढी किती मिनिटांची, हे दोनदा विचारलं.

"म्हणजे मी आळशी असतो, तर ती वाचली असती."

"वेळ मी लिहिली होती, आबा."

"मी मागितली म्हणून लिहिलीस."

 खाली रस्त्यावरून भाजीची गाडी गेली. मग आबा बोलायला लागले, पण तिच्याकडे न बघता.

"फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका तळ्यावर गेलो होतो. गाडी वर लावून खाली उतरलो. हजारो रोहित पक्षी उतरले होते. सगळं पाणी गुलाबी. तुझी आई काठावर बसली ती उठायलाच तयार नाही. अकराला दहा कमी होते. मी म्हटलं, चल, यंत्र चालवायचंय. म्हणाली, अहो, आज पाच मिनिटं उशिरा चालवा की, काय बिघडतं? मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, तुझ्याचसाठी चाललंय हे सगळं. मग उठली. माझ्यामागून चढण चढून आली."

अरुंधतीने त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो राहू दिला, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

"पाचच मिनिटं मागत होती गं," ते म्हणाले.