चार्ज घेतलेला माणूस

बसा रे नीट, आणि ते मोबाईल खिशात घाला. ही गोष्ट माझ्या मेहुण्याच्या धनेशची आहे. दुसऱ्या कोणाची असती तर मीच पहिला हसलो असतो.

धनेश देवबागच्या रस्त्याला एका बर्फाच्या कारखान्यात ऑपरेटर. आठ तास ड्युटी, आणि उरलेल्या वेळात कुडाळला पार्ट-टाइम मेकॅनिकल डिग्री. सात वर्षं झाली होती त्याला! बाकी सगळे विषय काढले मेल्याने, एकच अडकला, रेफ्रिजरेशन. रोज अमोनियाचं मशीन चालवणारा माणूस गारव्याच्या पेपरात नापास, आता काय म्हणावं याला! नियमाप्रमाणे हा शेवटचा चान्स होता. हा उडाला की सात वर्षं पाण्यात.

दोन वर्षांपूर्वीची चौदा मे, मंगळवार. दुपारी तीनला धनेश पिशवीत पुस्तक घालून ड्युटीवर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पेपर. रात्री अकराला पुढच्या ड्युटीचा विनीत येणार, मग हा घरी जाऊन वाचत बसणार आणि पहाटे पाचची गाडी धरणार, असा साधा बेत.

आता त्या कारखान्याची रीत ऐका. मशीन सोडणारा म्हणतो, "दिलंय." येणारा म्हणतो, "घेतलंय." वहीत सही नंतर, आधी तोंडचा शब्द. त्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही. तिथला जुना ऑपरेटर, शंकरमामा, त्याने तर नाहीच ओलांडला. धनेशच्या या रात्रीच्या चार वर्षं आधी वादळात बदली माणूस पोचलाच नाही. म्हातारा सलग दोन ड्युट्या बसला आणि स्टुलावर बसल्या बसल्याच गेला. त्याचं "दिलंय" ऐकायला कोणी आलंच नाही.

रात्रीचे दहा चाळीस. धनेश पुस्तकात डोकं खुपसून बसलेला. मागून कोणीतरी फार दमलेल्या आवाजात म्हणालं,

"दिलंय रे..."

आणि हा शहाणा, मान वर न करता, सवयीने बोलून गेला,

"घेतलंय."

मग हातातलं पेन थांबलं. चार्ज तर दुपारपासून याच्याकडेच होता. मग दिला कोणी?

वळून पाहिलं. कोणी नाही. कोपऱ्यातलं स्टूल ओलं होतं. पाणी ठिबकत होतं...

धनेश बाहेर पळाला. पाय उंबऱ्यापलीकडे पडला आणि मशीन बंद. लाईट होती. बटणाला कोणाचा हात नव्हता. गॅसचा काटा लाल खुणेकडे सरकू लागला. अमोनियाचा पाइप फुटला असता तर आजूबाजूची घरं झोपेतच गेली असती. तो आत आला. सुरू. बाहेर. बंद. तिसऱ्यांदा त्याने एकच पाय बाहेर टाकला...

बंद.

तेव्हा त्याला रडू फुटलं रे. एकोणतीस वर्षांचा बाप्या माणूस, उंबऱ्यावर बसून रडला.

अकराला विनीत आला. दारातूनच हसला.

"अभ्यास झालो मा? चार्ज दी आता, आणि पळ."

धनेशच्या जिभेवर "दिलंय" आलं. तेवढं एक बोललं की घर, गाडी, पेपर. समोर विनीत. घरी त्याची सहा महिन्यांची मुलगी.

"बोलणस का नाय? अरे, दी!"

धनेश दोन पावलं मागे सरला.

"येडो झालस काय? धा वाजता पेपर आसा तुजो!"

"तू घराक जा."

"पण..."

"जा म्हटलंय मा! माका काय इचारू नको."

विनीत दारात उभा राहून विनवत राहिला. धनेशने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. चुकून शब्द निसटू नये म्हणून.

पाचची गाडी रस्त्याने गेली. त्याने ऐकली. दहा वाजले. अकरा. एक... पेपर गेला.

तो अजून तिथेच आहे. विनीत जेवण नेऊन देतो. मी स्वतः दाराशी जाऊन हात जोडले, "ये बाबा बाहेर." मान हलवली त्याने. नाही म्हणून.

आणि पंधरा मेच्या पहाटे, तिकडे वालावलला, शंकरमामाच्या यशोदेने पुढचं दार उघडलं. पायरीवर नवऱ्याचा जेवणाचा डबा. तो गेल्यावर कारखान्यात सगळं शोधलं होतं, डबा कोणालाच सापडला नव्हता.

घासलेला. ओला. पालथा...

ड्युटीवरून घरी आला की शंकरमामा तस्साच ठेवायचा.