बोलणं पाच

प्रज्ञा राहात्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पोचली, तेव्हा चार नंबरच्या मशीनपुढे एक अनोळखी तरुण बसला होता आणि समोरचा पडदा काळाकुट्ट होता. कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी उघडझाप करत होती.

"काय केलंत?" तिने दारातूनच विचारलं.

"व्हायरस होता, मॅडम," तो मान वर न करता म्हणाला. "फॉरमॅट मारलं. आता एकदम नवं झालंय."

"म्हणजे आतलं सगळं गेलं?"

"सगळं." मग त्याने वर पाहिलं आणि त्याचं हसू अर्ध्यावरच थांबलं. "काही... ठेवलं होतं का?"

खांद्यावरची पर्स न काढताच ती शेजारच्या खुर्चीवर बसली.

"रखमाजी होते," ती म्हणाली.

"फाइलचं नाव का?"

"वडिलांचं."

त्या तरुणाचं नाव नितीन. नगरच्या एका कंपनीत तो मशिनं दुरुस्त करायचा, आणि आप्पासाहेबांच्या क्लासची देखभाल त्या महिन्यापासून त्याच्याकडे आली होती. प्रज्ञा तिथे शिकवायची. पुणतांब्याहून सकाळच्या एसटीने यायची, संध्याकाळच्या एसटीने परत जायची. तिचे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते. धिप्पाड देहाचा, मोजकं बोलणारा माणूस. मे महिन्यात ते हृदयविकाराने गेले. त्यानंतर केव्हातरी दुपारच्या सुट्टीत तिला चार नंबरवर कुणीतरी टाकून ठेवलेला एक जुना खेळ सापडला होता.

खेळ असा, की लढाईबिढाई नंतर. आधी एक माणूस घडवायचा. एक कळ दाबली की फासे पडत आणि पडद्यावर पाच आकडे येत. ताकद, बुद्धी, चपळाई, तब्येत, बोलणं. प्रत्येक आकडा तीनपासून अठरापर्यंत. पसंत नसतील तर पुन्हा कळ दाबायची. पण एकदा घेतले की घेतले, शेवटपर्यंत तेच. प्रज्ञाने किती दुपारी कळ दाबली असेल देव जाणे, पण एके दिवशी पाचही आकडे असे पडले की ती पडद्याकडे बघतच राहिली. त्या माणसाला तिने वडिलांचं नाव दिलं.

हे सगळं तिने नितीनला सांगितलं नाही. दोन वाक्यांत आटोपलं. पण त्याने ते ऐकून घेतलं आणि जाताना म्हणाला, "तो खेळ माझ्याकडे फ्लॉपीवर आहे. पुढच्या बुधवारी आणतो. मी घालवलंय, मीच शोधून देईन."

पुढच्या बुधवारी तो खरंच फ्लॉपी घेऊन आला. सुट्टीत दोघं चार नंबरपुढे बसले. तो कळ दाबायचा, ती बघायची.

"ताकद अठरा! मॅडम, याच्या वर जातच नाही. घेऊ या?"

"नको. सोळा."

"सोळाच का?"

"साखरेचं एक पोतं ते सहज पाठीवर घ्यायचे. दोन नाही यायची."

"बरं, हे बघा. सोळा आले. बुद्धी सतरा."

"छे! माझं गणिताचं पुस्तक उघडं दिसलं की ते आईला हाक मारायचे."

तो हसला. तीही हसली, आणि जरा मोठ्यानेच हसली असावी. कारण पलीकडे टायपिंग करणाऱ्या दोन मुलींनी वळून पाहिलं. या मॅडमना हसताना त्यांनी पाहिलं नव्हतं.

"तब्येत किती हवी?"

"पंधरा. तशीच होती. मे महिन्यापर्यंत."

नितीनने कळेवरचं बोट उचललं. मग हळूच म्हणाला, "आणि बोलणं?"

"पाच."

"पाच फारच कमी झालं हो. पाचवाल्याला वेशीवरचा पहारेकरी आत सोडत नाही."

"नव्हतंच सोडलं. मग आम्ही दलदलीतून गेलो."

"आम्ही?"

"सोबतीला मी होते ना. दुसरा गडी म्हणून मी मलाच घेतलं होतं. माझं बोलणं पंधरा."

"ते दिसतंच आहे," नितीन म्हणाला आणि लगेच पडद्याकडे वळला. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

शेवटी असं ठरलं, की ताकद आणि बोलणं बरोबर जुळलं पाहिजे; बाकीचे आकडे एखाद-दुसऱ्याने इकडेतिकडे झाले तरी चालतील. तरीही हे काम एका सुट्टीत होण्यासारखं नव्हतं.

"असे फासे पडेपर्यंत आपण म्हातारे होऊ," तो म्हणाला.

"मला घाई नाही," प्रज्ञा म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला वाटलं, हे वाक्य आपण वेगळ्या आवाजात म्हणायला हवं होतं.

मग बुधवार येत राहिले. थंडी पडली. रस्त्याने उसाच्या गाड्या जायला लागल्या, बाजारात पेरूंचे ढीग लागले. नितीन येताना कागदाच्या पुडीत पेरू आणायचा आणि त्यातला कच्चा नेमका तिला द्यायचा. कारण तिला कच्चाच आवडतो, हे त्याला न विचारता कळलं होतं. मीठ ती आणायची. एका हाताने पेरू, एका हाताने फासे. तिचे वडील कसे होते ते असं तुकड्यातुकड्याने त्याला कळत गेलं. ती डिप्लोमाला निघाली तेव्हा त्यांनी तिची ट्रंक खांद्यावर घेऊन थेट हॉस्टेलच्या खोलीत नेली, आणि वळताना फक्त "जपून" म्हणाले. एवढाच शब्द.

"माझ्या वडिलांचं बोलणं अठरा आहे," नितीन म्हणाला. "नगरला आमच्या गल्लीत कुणाकडे रेडिओ नाही. गरजच पडत नाही."

"आणि तुमचं?"

"तुम्हीच सांगा."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. इतकं नीट पाहिलं, की त्याने नजर खाली केली.

"दहा," ती म्हणाली. "पण कामाचं बोलायची वेळ आली की चार."

एकदा आप्पासाहेब केबिनमधून बाहेर आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "काय वो इंजिनेर, ह्ये चार नंबरच लई आजारी पडतंय. बाकीच्या मशिनांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

"सर, याचं दुखणं जुनं आहे," नितीन म्हणाला.

"व्हय, दिसतंय मला कुणाचं दुखणं हाय ते," आप्पासाहेब म्हणाले आणि आत गेले.

डिसेंबरात नितीन एक सीडी घेऊन आला. नवा खेळ, नुकताच आलेला. आप्पासाहेबांच्या केबिनमधलं नवं मशीन तेवढं सीडी वाजवणारं होतं. आप्पासाहेब पेरूच्या बागेत गेले होते, म्हणून दोघं तिथे बसले.

"यात फासेच नाहीत," तो उत्साहाने म्हणाला. "गुण आपल्या हातात. हवे तिथे हवे तेवढे घालायचे. बसा, दोन मिनिटांत तुमचे वडील करून देतो."

खरंच दोन मिनिटांत झाले. ताकद सोळा, तब्येत पंधरा, बोलणं पाच. या रखमाजींना चेहराही होता, रंगीत, मिशाही होत्या. ते चालत चालत एका गावाच्या वेशीपाशी गेले. पहारेकरी आडवा आला. आणि रखमाजींनी तोंड उघडून असं लांबलचक, गोड भाषण केलं की पहारेकऱ्याने वाकून दार उघडलं.

प्रज्ञाने भुवया वर केल्या. तिने खेळ पुन्हा सुरू केला आणि बोलणं तीनवर आणलं. तेच भाषण झालं. दारही उघडलं.

"मग आकडा विचारलाच कशाला?"

"सुरुवातीला फरक पडत नाही," नितीन समजावू लागला. "यात पुढे वाढवत न्यायचे. लढलं की गुण मिळतात, ते बोलण्यात घाला, नाहीतर ताकदीत. माणूस बदलतो, मॅडम. पहिल्या दिवशी पाच पडले म्हणून मरेपर्यंत पाचच, हे तुम्हाला पटतं? आपल्या घरातल्या माणसांना?"

तो घाव बरोबर बसला. तिचे आजोबा छप्पन साली दीक्षेसाठी नागपूरला पायी निघालेल्यांपैकी होते. जन्मावर काही ठरत नाही, हे तिने अंगणात खेळताना ऐकलं होतं.

"नाही पटत," ती म्हणाली. "जुन्या खेळात पहिल्या पानावर माणूस, बुटका, राक्षस असं कूळ निवडायला सांगतात, आणि अमुक कुळाला बुद्धी अमुकच्या वर नाही. ते बघून मी खेळ बंदच करणार होते. माणसाला तशी अट नव्हती, म्हणून पुढे गेले. वाढता आलं पाहिजे, यात वाद नाही."

"मग?"

"पण वाढता येणं वेगळं, आणि आकड्याला काही अर्थच नसणं वेगळं. हा बघा ना... तीन असो की पाच, सगळी दारं याला उघडी. एकटाच सगळं करतो. सोबतीला कुणी घ्यायची सोयच नाही यात."

"नाही, यात एकटाच असतो."

"तिकडे त्यांचं बोलणं पाच होतं, म्हणून त्यांना मी लागत होते," प्रज्ञा म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. फक्त माउसवरचा हात तिने काढून मांडीवर ठेवला होता.

नितीनने सीडी बाहेर काढली.

जानेवारीच्या शेवटी तो आला तो पेरू न घेता.

"कंपनी मला नाशिकला पाठवतेय," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यापासून इथे दुसरा माणूस येईल."

"अच्छा," प्रज्ञा म्हणाली. पंधरा बोलणाऱ्या मुलीला तेवढंच सुचलं.

दोघं बसले. त्या दिवशी कळ ती दाबत होती. आकडे येत होते, जात होते. आणि मग पडद्यावर आलं... ताकद सोळा. बुद्धी अकरा. चपळाई आठ. तब्येत पंधरा. बोलणं पाच.

नितीन श्वास रोखून पुढे वाकला. प्रज्ञाच्या बोटाने कळ दाबली. आकडे गेले.

"अहो!" तो ओरडलाच. मग मागे टेकून बसला. "दाबलं गेलं का चुकून... जाऊ द्या. मला एक सांगायचंय. आधीच सांगायला हवं होतं. हे फासे टाकायची गरजच नव्हती. फाइल उघडून आत हवे ते आकडे लिहिता येतात. पाच मिनिटांचं काम आहे. फॉरमॅट मारलं त्या दिवशीच मला माहीत होतं."

ती त्याच्याकडे वळली. "मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर... दर बुधवारी इथे बसायला मला कारण काय होतं?"

"माझ्या वडिलांच्या नावावर?"

"हो." त्याने मान खाली घातली नाही, ते तिला आवडलं. "चुकलो. आता लगेच लिहून देतो. जाण्याआधी तेवढं तरी नीट करतो."

त्याने कीबोर्ड ओढायला हात पुढे केला. तिने आपला हात कीबोर्डवर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"चुकून नाही दाबलं," ती म्हणाली.

"काय?"

"मघाशी. मी पाहिले होते आकडे. ते आले होते, नितीन... आणि मी त्यांना जाऊ दिलं."

"पण का?"

"मी त्यांना ठेवून घेतलं असतं तर तुम्ही उठला असतात."

पलीकडे टायपिंगच्या कळा वाजत होत्या. नितीनला खूप काही म्हणायचं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं; आणि त्यातलं एकही वाक्य बाहेर येत नव्हतं, हेही.

"तुम्ही केलंत ते मी अजून माफ केलेलं नाही," तीच पुढे म्हणाली. "ते सावकाश करीन. आणि आईला एकटं सोडून मी लगेच नाशिकला येणार नाही."

"मी कुठे म्हटलं लगेच या म्हणून?"

"तुम्ही काहीच म्हणत नाही, म्हणून तर मला म्हणावं लागतंय. मला तुमच्याशी लग्न करायचं आहे."

संध्याकाळी दोघं एसटी स्टँडवर आले. दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा होती, आणि स्टँडवर एवढी गर्दी असूनही त्या जागेत कुणी शिरलं नाही. नगरची गाडी आली. कंडक्टरने दोनदा आवाज दिला, बेल मारली, गाडी गेली. नितीन जागचा हलला नाही.

"पुढची आता तासाभराने," प्रज्ञा म्हणाली. "आधी चौकशीच्या खिडकीवर विचारून आलात ना? सांगितलं नाही का त्याने?"

"विचारलं मी," नितीन म्हणाला. त्याने शर्टाची कॉलर सारखी केली, केसांवरून हात फिरवला, आणि घसा साफ करून म्हणाला, "पण पुणतांब्याची कधी आहे, ते विचारलं."