कोऱ्या काचपट्ट्या

मेहकरच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवतो. दर वर्षी नव्या पोरांना स्वतःच्याच पापणीचा केस उपटायला लावतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली दाखवतो. केसाच्या मुळाशी आठ पायांचे, लांबुडके, पारदर्शक किडे. सगळ्यांच्या चेहऱ्यावर असतात. कोणी किंचाळतं, कोणी तोंड धुवायला पळतं. धुऊन जात नाहीत, हे मी मुद्दाम नंतर सांगतो. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला मात्र ते नसतात. आई गालाला गाल लावते, तिचे त्याच्याकडे जातात आणि जन्मभर राहतात.

जानेफळला आमच्या शेजारी शालूबाई आणि त्यांचा मुलगा गोपाल राहतात. थोरली पुष्पांजली अठरा वर्षांची असताना शेतात गेली ती परतलीच नाही. बारा वर्षं पत्ता नव्हता. या डिसेंबरात ती दुपारच्या एसटीने उतरली आणि कोणालाही न विचारता घरी आली. शालूबाईंनी दारातच अलाबला घेतली, तिच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकड मोडली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

आठवड्याने गोपाल आला.

"सर, ते पुष्पाताई नोहे."

"कशावरून?"

"सांगता नाही येत. जुनं सगळं बराबर सांगते. पण तिच्यापाशी बसलं का मले परक्याच्या घरी बसल्यावानी वाटते. तुमच्या मशीनमधून काही समजन का?"

माझ्या मशीनमधून माणसाची ओळख पटत नाही, हे मी त्याला सांगितलं. तरी पुष्पांजलीला विचारलं. तिने हसत पापणीचे चार केस दिले. चारही काचपट्ट्या कोऱ्या. नाकावर चिकटपट्टी लावून पाहिली, तीही कोरी. तिशीच्या बाईकडे एकही किडा नाही, असं एकोणीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

शालूबाईंच्या पापण्यांना दिवाळीपासून खाज होती. तेव्हा एकेका केसाला सात-सात किडे मोजले होते. आता पुन्हा केस घेतले. एकही नाही. खाज गेली म्हणून बाई खुशीत होत्या. दिवसभर लेकीच्या गालाला गाल लावून बसत. आईचे किडे लेकीकडे जायला हवे होते. तिच्याकडे गेले नव्हते आणि आईकडेही उरले नव्हते.

मला भीती वाटली. गोपालला म्हणालो, "काही समजत नाही रे."

"माये केस पाहा."

पाहिले. एका केसाला तीन होते.

"आहेत," मी म्हणालो.

"आईचेच?"

"आईचेच."

तो बराच वेळ डोळा लावून त्यांच्याकडे पाहत बसला.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी त्याने मला हाक मारून बोलावलं. मायलेकी ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. गोपालच्या हातात आईच्या बीपीच्या गोळ्या आणि पाण्याचा गिलास होता.

शालूबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला.

"बरं झालं आले, सर. हा मानूस कोन आहे हो? रोज आमच्या घरी जेवाले बसते."

"आई, मी गोपाल वं."

"असान बाप्पा," त्या अदबीने म्हणाल्या. "पन तुमची आई वाट पाहत असन ना घरी."

गोपालने गिलास खाली ठेवला.

पुष्पांजलीने त्यांच्या गालावरून हात फिरवला.

"राहू दे वं आई," ती म्हणाली. "जाईन तो."