पाचवी पाटी

वणीजवळच्या एका कोळसा खाणीच्या तोंडाशी पत्र्याची खोली होती. धर्मपालची ड्यूटी तिथं. समोर भिंतीवर लाकडी फळा आणि त्यावर खालच्या प्रत्येक गॅलरीची, म्हणजे बोगद्याची, एकेक लोखंडी पाटी. खाली काही बिघडलं की मजूर तार ओढायचे. वर घंटा वाजून त्या गॅलरीची पाटी खटकन पडायची. मग धर्मपालनं कोळशाचे डबे दोरानं ओढणारं इंजिन थांबवायचं, फोनवर विचारपूस करायची आणि सगळं निस्तरलं की पाटी वर लावून इंजिन सोडायचं.

पाचव्या गॅलरीत त्याचा धाकटा भाऊ उकंडा होता. धर्मपालच्या पाठची लेकरं जगली नाहीत, म्हणून आईनं याला उकिरड्यावर लोळवून हे नाव दिलं होतं. धम्मदीक्षेनंतर धर्मपालनं स्वतःचं नाव बदललं; उकंडाचं मात्र आईनं बदलू दिलं नाही.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी तिसरी पाटी पडली. धर्मपालनं फोन उचलला.

"कोनं तार ओढली?"

"कोनीच नाही जी," खालून रामलाल बोलला. "सारं ठीक हाय."

धर्मपालनं पाटी लावली, इंजिन सोडलं. डबे हलले आणि तिसऱ्या गॅलरीतला दोर तुटला. रामलालचा पाय गेला.

पुढं दुसरी पाटी पडली. खाली पुन्हा कोणीच तार ओढली नव्हती. धर्मपाल इंजिन सोडायलाच तयार होईना. खाणीच्या कामावर देखरेख करणारे ओव्हरमन विठ्ठलराव तणतणत आले.

"कायले थांबवलं?"

"साहेब, खाली काहीतरी होनार हाय."

"होनार हाय? झालं तं नाही ना? किती वेळ धरून ठेवशीन?"

त्यांनी स्वतःच्या हातानं इंजिनाचा दांडा ओढला. दुसऱ्या गॅलरीत पाणी फुटलं. तिथला मजूर डोंगरसिंग सापडला तो दोन दिवसांनी, फुगलेला.

विठ्ठलरावांनी फळ्यामागच्या सगळ्या ताराच कापायला लावल्या. म्हणाले, खालून फक्त फोन येईल.

त्यानंतर पाचवी पाटी पडली. या वेळी घंटा वाजली नाही.

धर्मपालनं इंजिन थांबवलं. झडप घालून फोन उचलला. "उकंडा, सगळ्यायले घे अन् वर ये. आत्ताच्या आत्ता!"

माणसं वर आली, दोनदा मोजली. विठ्ठलराव या वेळी ओरडले नाहीत. फळ्यामागं वाकून त्यांनी तारांची कापलेली टोकं पाहिली आणि हात धोतराला पुसला.

"सारे आले?"

"आले, साहेब."

"मंग सोड. आज ना उद्या सोडाच लागंन."

उकंडा खोलीतल्या बाकावर बसला होता. एका हातानं त्याचं मनगट घट्ट धरून धर्मपालनं पाटी वर लावली आणि दांडा ओढला.

पायाखालची जमीन दबली. खाणीच्या तोंडातून धुळीचा लोट उसळला. पाचवी गॅलरी बसली होती, पण आत कोणी नव्हतं. बाहेर माणसं एकमेकांना कवटाळत होती. धर्मपाल तिथंच खाली बसून रडला.

"वाचलो ना, दादा," उकंडा म्हणाला. पण तो हसला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याला ताठ उभं राहता येईना. वणीच्या डॉक्टरांनी छाती तपासली, पाठ तपासली. म्हणाले, काही नाही, दहशत बसली. उकंडा अंगणातच बसून राहू लागला. श्वास आखडता घ्यायचा, पाणी थेंबाथेंबानं प्यायचा.

एका दुपारी धर्मपालची बायको जया पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"वहिनी, कंदील लावा ना," उकंडा म्हणाला. "काहीच दिसून नाही राह्यलं."

जयानं धर्मपालकडं पाहिलं. अंगणात डोळे दिपवणारं ऊन होतं.

"उकंडा," धर्मपालनं हाक मारली. "मी इथंच हाय बे, तुझ्यापाशी."

उकंडानं कान टवकारले. दुरून आवाज आल्यासारखी मान वळवली, पण वर केली नाही.

धर्मपाल त्याच्याजवळ गेला. वर ना झाड होतं, ना छप्पर. मोकळ्या आभाळातून उकंडाच्या केसांवर कोळशाची बारीक भुकटी पडत होती.